आशिया पाहायचा तर सुरुवात घराजवळून



सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी सहलीचा विषय निघतो. आशिया खंडात पाहण्यासारखे काय आहे, असे मुलांना विचारले तर चीनची भिंत, कंबोडियातील अंकोरवाट, जपानचा फुजी पर्वत ही नावे चटकन येतात. ही स्थळे थोर आहेतच. परंतु मानोऱ्यात राहणाऱ्या आपल्या मुलांनी लोणार आणि अजिंठा पाहिला आहे का? आज आपण अशा चार ठिकाणांचा अभ्यास करू. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न मनात ठेवू या : हे कसे घडले? ते कोणी जपले? माझ्या येण्याने त्याचे काय होईल?

१. लोणार

वाशिम-रिसोडमार्गे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जाता येते. आकाशातून आलेला पाषाण बेसाल्टच्या काळ्या खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. हा ज्वालामुखी असावा, असे पुष्कळ दिवस मानले जाई. १९७० च्या दशकात येथील खडक तपासला गेला. तेव्हा प्रचंड आघातानेच तयार होणारी काच त्यात सापडली. चंद्रावरही बेसाल्टमध्ये अशी विवरे आहेत. म्हणून जगभरातील शास्त्रज्ञ येथे येतात.

सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. त्यात विशिष्ट सूक्ष्मजीव वाढतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते अशाच मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हे सर्व त्या पाण्याच्या वेगळेपणावर टिकून आहे. वरून सांडपाणी, साबण आणि शेतातील खत उतरत राहिले तर ते वेगळेपण संपेल. विवर राहील, पण सरोवर राहणार नाही.

२. अजिंठा

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर सुमारे तीस लेणी आहेत. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात काम सुरू झाले व पाचव्या शतकाच्या अखेरीस थांबले. डोंगरात लेणी खोदण्याची ही बौद्ध परंपरा व्यापारी आणि भिक्षूंच्या वाटेने मध्य आशियातून चीनमधील दुनहुआंगपर्यंत गेली. म्हणजे आशियाच्या कलेची एक मोठी वाट आपल्या सह्याद्रीच्या रांगांतून निघते.

१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी आला असता त्याला ही लेणी दिसली. जगाला त्यांची ओळख झाली. पण त्याच स्मिथने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. ते ओरखडे आजही आहेत. चित्रे भुसा मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. श्वासाची वाफ, फ्लॅशचा उजेड, हाताचा घाम यांनी ती झिजतात. एकदा पापुद्रा गळला की तो परत येत नाही.

३. वेरूळ

येथे चौतीस लेणी आहेत : पहिली बारा बौद्ध, पुढील सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन. तीन धर्मांच्या लोकांनी एकाच डोंगरात, एकमेकांच्या शेजारी छिन्नी चालवली. सोळावे लेणे म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते वरून खाली कोरत आणले. जावा बेटावरील बोरोबुदूर दगडावर दगड रचून उभे राहिले. कैलास दगड काढून टाकत घडला. चुकीचा एक घाव बसला तर नवा दगड आणण्याची सोय नव्हती.

अजिंठा आणि वेरूळ यांना युनेस्कोने १९८३ साली जागतिक वारसा मानले, ताजमहालाबरोबरच.

४. पोहरादेवी

हे स्थळ तर आपल्याच मानोरा तालुक्यात आहे. बंजारा समाज याला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीला देशभरातून भाविक येतात. या समाजाचे पूर्वज बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या मुलखांत पोहोचवीत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. आपल्या शेजाऱ्यांचा इतिहास जाणून घेण्यासाठी याहून जवळची जागा नाही. येथे प्रेक्षक म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून जावे.

जाण्यापूर्वी

अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते. दिवस ठरवताना लक्षात ठेवावे. लोणारला सकाळी लवकर उतरावे आणि पाण्याची बाटली परत आणावी. फ्लॅश वापरू नये, भिंतीला हात लावू नये. मुलांना आधी चार गोष्टी सांगून न्याव्यात, म्हणजे त्यांना केवळ दगड दिसणार नाहीत.

दूरचे देश पाहण्याची ऐपत सर्वांना नसते. परंतु नीट पाहण्याची सवय घराजवळच लागते, आणि ज्याला ती लागली तो कोठेही गेला तरी तेथील ठेवा जपून येतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणती जुनी जागा मुलांना ठाऊक नाही?
२. जॉन स्मिथने केले तसे आपण कोठे करतो?
३. या वर्षी कुटुंबाने मिळून कोणते एक स्थळ पाहायचे?