कठड्याच्या अलीकडे

इंदूर,
श्रावणी सोमवार

चि. सई,

फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता आणि तू ‘हो काका, हो काका’ करत फोन ठेवला असतास. म्हणून लिहितोय. पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागाव.

काल पाताळपाणीच्या धबधब्यावर तू रेलिंग ओलांडून पलीकडच्या ओल्या खडकावर पालथी पडून पाखराचे फोटो काढत होतीस, हे मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझ्याच कंपूतल्या कोणीतरी फोटो टाकला, तो फिरत फिरत रामबागेत माझ्यापर्यंत आला. त्यात तुझा चेहरा दिसत नाही, पण ती निळी सॅक मी ओळखतो. तिचा तुटलेला बंद काकूनेच शिवून दिलाय. तुझ्या आईला अजून पत्ता नाही आणि मी सांगणारही नाही.

मला जास्त लागलं ते वेगळंच. तो वन पॉइंट फोरचा टेलिकन्व्हर्टर तुला वाढदिवसाला मी दिला. तो का दिला? तुला पुढे जावं लागू नये म्हणून! तुझ्या शंभर-चारशेच्या लेन्सची पोच ५६० पर्यंत जावी आणि बाईसाहेबांनी कठड्याच्या अलीकडे उभं राहून हवं ते टिपावं, एवढाच माझा हेतू. आणि तू काय केलंस, तर मित्राकडून टू एक्स आणलास, ८०० पर्यंत पोचलीस, आणि तरी पुढे गेलीस.

का गेलीस, त्याचा अंदाज मला आहे. फोटो हलत होते ना? कोपर टेकायला जागा हवी होती. रेलिंगला लोकांची रेटारेटी, आणि समोर तो छान सपाट खडक.

आता हिशेब ऐक. टू एक्स लावला की दोन स्टॉप जातात, म्हणजे प्रकाश चौथा हिस्सा उरतो. तुझी लेन्स चारशेला एफ ५.६, ती झाली एफ ११. शिवाय प्रतिमा दुप्पट मोठी झाली म्हणजे हाताची थरथरही दुप्पट दिसणार, म्हणून शटर दुप्पट वेगाचं हवं. चार गुणिले दोन, आठ. जिथे आयएसओ १६०० ने भागलं असतं तिथे १२८०० लागेल, आणि तेही श्रावणातल्या त्या राखाडी उजेडात, धबधब्याचे तुषार उडत असताना. स्टॅबिलायझर थोडं सांभाळतो, पण उडणाऱ्या पाखराला तो थांबवत नाही. एफ ११ ला फोकसही घुटमळतो. लेन्समध्ये जो काही दोष असेल तोही कन्व्हर्टर दुप्पट करून दाखवतो. वन पॉइंट फोरला हेच नुकसान एका स्टॉपचं, सगळं धरून तिपटीच्या आतबाहेर. म्हणून मी तो दिला, टू एक्स महाग होता म्हणून नव्हे.

सांगायचं म्हणजे, फोटो हलले यात तुझ्या हाताचा दोष नव्हता आणि तुझ्या हिमतीचा तर मुळीच नव्हता. उजेड कमी होता. पुढे सरकून उजेड वाढत नाही, बाळ.

आणखी एक. चारशेला फुल फ्रेमवर जेमतेम सहा अंशांचं दिसतं. हात लांब करून धरलेल्या बांगडीतून दिसेल तेवढं. टू एक्स लावल्यावर त्याच्याही निम्मं. तू त्यात डोळा घालून पडली होतीस तेव्हा तुला दरीपलीकडचं पाखरू दिसत होतं. डाव्या हाताला पाणी किती चढलंय ते दिसत नव्हतं. २०११ च्या जुलैत तिथेच काय झालं, तो व्हिडिओ तू पाहिला असशील. नसशील तर पाहू नकोस. ती माणसं स्टंट करत नव्हती गं. घरची मंडळी, सहलीला आलेली, पात्रातल्या खडकांवर उभी होती. बघता बघता लोंढा आला आणि ती कड्यावरून खाली गेली. चोरल नदीच्या त्या पात्रात पाणी वरच्या पठारावरून येतं. पाऊस तिकडे पडतो. इथे डोक्यावर ऊनही असू शकतं. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की निघायचं असतं. पण हे सगळं बांगडीबाहेरचं.

रागावलो. पाणी प्यायलो. काकू म्हणाली, पुढचं नीट लिहा.

तुझ्या वयात माझ्याकडेही एक डबलर होता, कुठल्याशा परदेशी कंपनीचा, स्वस्तातला. १३५ एफ २.८ ची लेन्स त्याने २७० एफ ५.६ व्हायची. आत शंभर एएसएची फिल्म. मीटर गेजची गाडी कालाकुंडचा घाट चढून पाताळपाणीला वर येते, तो वळणावरचा धूर मला हवा होता. पावसाळ्यात शटर तिसाव्या सेकंदाच्या वर जाईना. अख्खा रोल धुऊन आला, छत्तीसच्या छत्तीस फोटो पुसट. ते पैसे तेव्हा थोडे नव्हते. हा हिशेब सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला वाटलं आपला हातच वाईट. कॅमेरा कपाटात गेला. मग नोकरी, मग घरातलं आजारपण, मग ‘निवृत्त झाल्यावर बघू’. निवृत्त झालो तेव्हा गाडी होती अजून. गुडघे, पाऊस, पाहुणे, काही ना काही निघत गेलं. २०२३ च्या सुरुवातीला महूहून खाली जाणारी ती रोजची गाडी बंदच झाली. आता हेरिटेज ट्रेन आहे, हौसेची, छान आहे. पण दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं घेऊन जायची ती गाडी माझ्याकडे एकाही कागदावर नाही.

हे मी कोणाला सांगत नाही. तुला का सांगतोय कोण जाणे.

एवढंच मनात होतं, की हललेले फोटो पाहून तू माझ्यासारखी खट्टू होऊ नयेस. आणि खट्टू होऊन पुढेही जाऊ नयेस. दोन्ही नकोत. लाला दीनदयाळांचंच बघ, आपल्याच इंदूरला १८६६ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नक्षानवीस म्हणून लागले आणि कॅमेरा त्यांनी इथेच हाती घेतला. काचेच्या प्लेटा, मणभर सामान. तिपाई पक्की उभी राहील तिथेच कॅमेरा लावायचा, दुसरा इलाज नव्हता. तरी त्या काळातली संस्थानं पाहायची तर आजही आपण त्यांचेच फोटो उघडतो.

टू एक्स परत कर असं म्हणणार नाही; मोठी झाली आहेस. पण तो उन्हाच्या दिवशी काढ, यशवंतसागरला, काठावर तिपाई लावून. सारस जोडी उभी असते तेव्हा तिला घाई नसते. पावसाळी ट्रेकला वन पॉइंट फोरच, आणि तो घरूनच लावून नीघ. कड्याशी, तुषारांत कॅमेऱ्याचं तोंड उघडायचं नाही. जाम दरवाज्यावरून निमाडच्या टेकड्या काढायच्या असतील तर दसऱ्यानंतरची सकाळ बरी. मे महिन्यात कन्व्हर्टर लावून फक्त हवा मोठी होते. आणि जिथे ५६० पुरत नाही तिथे पाखरू लहानच येऊ दे की! मागच्या वर्षीचा तो राळामंडलचा मोर फ्रेममध्ये बोटाएवढा आहे, अख्खा डोंगर त्याच्यामागे. माझ्या टेबलावर तोच लावलाय. तुला सांगितलं नव्हतं.

रेलिंगवर टेकायला बीनबॅग नाही म्हणून खडकावर गेली असशील, असंही मनात येतं. काकूने आजीच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवायला घेतली आहे. रेलिंगवर ठेव, वर लेन्स ठेव, मोनोपॉडपेक्षा स्थिर राहते. सॅकमध्ये रिकामी नेली तरी चालेल. कोणत्याही वाण्याकडे भरून मिळेल. रविवारी सकाळी पोह्यांना ये, पिशवी घेऊन जा. जमलं तर मलाही ने पाताळपाणीला. मी स्टेशनच्या बाकावर बसून राहीन, मध्ये मध्ये करणार नाही. एकदाच हाक मारीन फार तर.

काकू आत्ताच विचारून गेली, पहिल्या वेळी पिशवीत तांदूळ भरू की मटकी. मी मटकी म्हटलं. भिजली आणि मोड आले तर निदान उसळ होईल.

तुझा,
अण्णाकाका