पाण्याचे जाळे

वरळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राला बिलगून वरळी कोळीवाडा वसलेला आहे. त्याच्या भोवती मुंबई शहर वाढले, समोरच्या पाण्यावरून २००९ मध्ये सागरी सेतू सुरू झाला. तरी होड्या, जाळी आणि मासळी यांच्याशी असलेले कोळीवाड्याचे नाते तुटले नाही. कोळ्यांच्या मुलांना दोन गोष्टी लहानपणीच कळतात. मासळी टिकवायची तर ती उन्हात कडक वाळवावी लागते, ही पहिली. आणि जाळ्याचे बळ त्याच्या गाठींत असते, ही दुसरी. भाजलेल्या जखमेवर घालायच्या एका पट्टीची हकीकत समजून घेण्यास या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

कोळीवाड्यातील घरे दाटीने उभी आहेत. लहानशा स्वयंपाकघरात एका बाजूस शेगडी पेटलेली असते आणि तिच्याजवळच मुलांचा वावर असतो. अशा वेळी कढत कालवणाचे पातेले कलंडावे किंवा उकळता चहा हातावर सांडावा, यास क्षणही लागत नाही. हे केवळ कोळीवाड्यातच घडते असे नाही. जेथे विस्तव आहे, तेथे ही आपत्ती आहे. मूल किंचाळते, घरातील माणसे धावतात आणि घाबरून हाताला लागेल ते जखमेवर लावतात. कोणी शाई लावतो, कोणी तूप, कोणी टूथपेस्ट. मायेपोटी केलेला हा उपचार अज्ञानामुळे अपायकारक ठरतो.

त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. ती आतले पाणी आत राखते आणि बाहेरचे जंतू बाहेर थोपविते. भाजल्यामुळे ही तटबंदी ढासळते. आतील द्रव पाझरू लागतो, नुसता वारा लागला तरी आग होते आणि जंतूंना वाट मोकळी होते. परंतु भाजणे फार खोल नसेल, तर त्वचेच्या खालच्या थरात, केसांच्या मुळांशी काही पेशी जिवंत उरतात. त्याच वाढून व पुढे सरकून जखम भरून काढतात. या उरलेल्या पेशी जगविणे, हेच पट्टीचे खरे काम होय.

जखम कोरडी ठेवली म्हणजे ती लवकर बरी होते, असा समज पूर्वी रूढ होता. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने तो पारखून पाहिला. त्याने डुकरांच्या अंगावरील काही उथळ जखमा उघड्या ठेवल्या आणि काही पातळ पापुद्र्याखाली ओलसर ठेवल्या. ओलसर जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेवर खपली धरते आणि नव्या पेशींना त्या कोरड्या थराखालून वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावर मात्र त्या सहज पुढे सरकतात. वाळलेली मासळी टिकते, कारण पाण्यावाचून तिच्यात जंतू वाढू शकत नाहीत. पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत, तशा जखमेतील पेशीही जगत नाहीत. म्हणून मासळी वाळवावी, पण जखम वाळवू नये. अर्थात ओलावा जंतूंनाही मानवतो. यासाठी जखम ओलसर हवी, तशीच ती स्वच्छ आणि झाकलेलीही हवी.

साध्या जाळीदार कापडाची पट्टी जखमेला चिकटते. ती बदलताना कोवळी त्वचाही सोलून निघते. पट्टी बदलण्याची वेळ आली की मुले भयाने रडू लागतात. वरळीहून जवळच, परळ येथे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आहे. तेथील डॉ. मनोहर केसवानी यांनी या दुःखावर एक स्वस्त उपाय शोधला. तो म्हणजे बटाट्याची साल! उकडलेल्या बटाट्यांच्या साली कापडावर चिकटवून ती पट्टी निर्जंतुक करावयाची आणि जखमेवर बांधावयाची. या प्रयोगाची माहिती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, सालीखाली जंतू कमी झाले नव्हते. पण जखम सुकत नव्हती, वरच्या पेशी तगत होत्या आणि नवी त्वचा लवकर येत होती. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली व २००३ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. ज्या पानावर आपण जेवतो, तेच पान निर्जंतुक होऊन रुग्णांच्या कामी आले. ते जखमेला चिकटत नाही आणि त्याचा खर्चही अत्यल्प येतो.

हेच कार्य अधिक नेमकेपणाने करणारी पट्टी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाली. तिचे नाव हायड्रोजेल. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाचा पदार्थ पाण्यात विरघळवितात. त्याचे रेणू लांबलचक धाग्यांसारखे असतात. त्यात लाल समुद्रशैवालापासून मिळणारे अगर आणि कॅराजीनन हे पदार्थ अल्प प्रमाणात मिसळतात. मग या मिश्रणावर गॅमा किरण सोडतात. त्या किरणांमुळे धाग्यांत ठिकठिकाणी जोड निर्माण होतात. जणू अदृश्य हातांनी गाठी मारून जाळे विणावे! कोळ्याचे जाळे पाणी सोडून देते आणि मासा धरून ठेवते. हे जाळे पाणीच धरून ठेवते. त्याच किरणांनी जंतूंचाही नाश होतो. विणणे आणि निर्जंतुक करणे ही दोन्ही कामे एकदमच उरकतात. किरणांचा मारा झाला तरी पट्टी स्वतः किरणोत्सर्गी होत नाही.

ही पट्टी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे ती न काढताच जखम पाहता येते. ती मऊ असून जखमेला गारवा देते, पाझरणारा द्रव काही प्रमाणात शोषून घेते, जंतूंना अडविते आणि काढताना चिकटत नाही. पट्टी बदलण्याचे मुलांचे भय त्यामुळे पुष्कळ कमी होते.

तथापि प्रत्येक साधनाला मर्यादा असते. भाजणे खोल असेल, तर तेथे नवी त्वचा निर्माण करणाऱ्या पेशीच उरत नाहीत. अशा वेळी शरीराच्या दुसऱ्या भागावरील त्वचा घेऊन तेथे बसवावी लागते. भाजलेला भाग मोठा असेल तर रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. कोणती पट्टी योग्य, हे वैद्यानेच ठरवावे. घरातील बटाट्याची साल किंवा केळीचे पान निर्जंतुक नसते. म्हणून ते जखमेवर कदापि बांधू नये.

मग घरी काय करावे? भाजलेल्या भागावर नळाचे गार पाणी सुमारे वीस मिनिटे हळुवार सोडावे. बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या उतरवाव्यात. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने भाग सैलसर झाकावा आणि डॉक्टरांकडे जावे.

परळची साल, शीवचे पान आणि तुर्भ्याचे जेल ही तिन्ही साधने दिसण्यात भिन्न आहेत. परंतु ती एकच सत्य सांगतात. शरीर आपली जखम आपणच भरून काढते; माणसाने फक्त त्या कामातील अडथळे दूर करावयाचे असतात. रडणाऱ्या मुलाची वेदना कशी कमी होईल, या चिंतेतून हे शोध लागले. ज्ञानाला करुणेची जोड मिळाली, म्हणजे बटाट्याच्या सालीचेही औषध होते.

स्वाध्याय

१. मासळी वाळवावी, पण जखम वाळवू नये, असे का म्हटले आहे?
२. कोळ्याचे जाळे आणि हायड्रोजेल यांतील साम्य व भेद सांगा.
३. भाजल्यावर घरी काय करावे व काय करू नये, याची सूचना तुमच्या वर्गातील फळ्यासाठी लिहा.