हरकत

तालुक्याच्या गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या उर्दू शाळेतून नववीतील एक मुलगी मराठी भाषणासाठी गेली होती. तिने मन लावून तयारी केली होती. 'ल' आणि 'ळ' यांतला फरक जिभेवर बसावा म्हणून आठ दिवस ती येता-जाता 'फळ, बाळ, काळ, सकाळ' असे घोकत होती. भाषण छान झाले. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. पण परत येताना एस.टी.मध्ये ती खिडकीबाहेर पाहत गप्प बसून राहिली.

"काय झाले? पहिला नंबर आला नाही म्हणून वाईट वाटते का?" मी विचारले.

"नाही, सर." थोड्या वेळाने ती म्हणाली, "डबा खाताना दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाने मला विचारले, तुमच्याविषयी कोणी काही लिहिले की तुम्ही लोक पुस्तके जाळता ना?"

"मग तू काय उत्तर दिलेस?"

"काहीच नाही. राग आला, पण काय सांगावे ते सुचेना. सर, खरेच जाळतात का?"

त्या मुलाच्या मनात दुष्टपणा असेल असे मला वाटत नाही. त्याने वर्तमानपत्रात मोर्चाचा फोटो पाहिला असेल, टी.व्ही.वर जळणारे कागद पाहिले असतील. घरात दिवा लावून शांतपणे पुस्तक वाचत बसलेल्या माणसाचा फोटो कोण छापणार? 'नाही' म्हणून मी त्या मुलीची समजूत काढू शकलो असतो, पण ते खरे झाले नसते. 'हो' म्हणणेही तितकेच खोटे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मी वर्गात एका पुस्तकाची हकीकत सांगितली. पुस्तक उर्दूतले. त्याचे नाव 'अंगारे'.

१९३२ सालच्या अखेरीस लखनौच्या निजामी प्रेसमधून हे लहानसे पुस्तक बाहेर पडले. त्यात नऊ कथा आणि एक एकांकिका होती. लेखक चार : सज्जाद जहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि डॉक्टर रशीद जहाँ. चौघेही तरुण, चौघेही शिकलेले, चौघेही मुसलमान. रशीद जहाँ या अलीगढच्या. त्यांचे वडील शेख अब्दुल्ला आणि आई वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली तेथे मुलींसाठी शाळा काढली होती. मुलींनी घराबाहेर पडून शिकावे ही गोष्ट तेव्हा अनेकांना पसंत नव्हती. अशा घरात वाढलेली ही मुलगी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाली. दवाखान्यात पडद्यातील स्त्रियांची दुखणी तिने जवळून पाहिली आणि त्यांतलेच काही कागदावर उतरवले.

त्यांची 'दिल्ली की सैर' ही कथा अवघ्या तीन-चार पानांची आहे. मलिका बेगम नावाची स्त्री फरीदाबादहून आगगाडीने नवऱ्याबरोबर दिल्ली पाहायला जाते. स्टेशनवर उतरताच नवऱ्याला ओळखीचा स्टेशनमास्तर भेटतो. बायकोला सामानाजवळ बसवून तो निघून जातो. बुरख्यात, ट्रंक-वळकटीच्या ढिगावर ती बिचारी तासन् तास बसून राहते. येणारे-जाणारे तिच्याकडे टक लावून पाहतात. तिला भूक लागते, भीती वाटते. साहेब परत येतात ते स्वतः जेवून! तेव्हा ती म्हणते की आता मला घरीच घेऊन चला, अशा सैरेला मी कंटाळले. गावी परत आल्यावर हीच दिल्ली ती मैत्रिणींना वर्णन करून सांगते. लाल किल्ला नाही, जामा मशीद नाही, पाहिला तो फक्त फलाट!

वर्गातल्या मुली हसल्या. मग एकीने विचारले, "सर, यात धर्माविरुद्ध काय आहे?"

या कथेत काहीच नाही. पण पुस्तकात इतर कथाही होत्या. विशेषतः सज्जाद जहीर यांच्या कथांत मौलवींची थट्टा होती, काही ठिकाणी धर्माच्या गोष्टींविषयी बोचरे शब्द होते, आणि तेव्हा कोणी उघड बोलत नसे असे उल्लेखही होते. श्रद्धाळू माणसाने ती पाने वाचून दुखावले जावे यात नवल नाही. पुढे आपल्या 'रोशनाई' या पुस्तकात सज्जाद जहीर यांनीच लिहिले की त्या कथांत गांभीर्य आणि ठहराव कमी होता, राग आणि आवेश जास्त होता. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाविषयी असे मोकळेपणाने म्हणणे मला फार आवडते.

पुस्तक बाहेर पडताच वादळ उठले. उर्दू वर्तमानपत्रांनी कडक लेख लिहिले. १९३३ च्या फेब्रुवारीत लखनौला अखिल भारतीय शिया कॉन्फरन्सच्या समितीने निषेधाचा ठराव केला. मशिदींतून भाषणे झाली, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. रशीद जहाँ यांना तर सर्वांत जास्त धमक्या आल्या. पुस्तकात त्यांचे लेखन इतरांपेक्षा सौम्य होते, पण त्या स्त्री होत्या! लोक त्यांना 'अंगारेवाली' म्हणू लागले. शेवटी १५ मार्च १९३३ रोजी संयुक्त प्रांताच्या सरकारने भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली पुस्तक जप्त केले. मोजक्या प्रती सोडून बाकीच्या नष्ट झाल्या.

मुलांनो, येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. मराठीतले 'जप्त' म्हणजे आपल्या उर्दूतले 'ज़ब्त'. मराठीत त्याचा अर्थ एवढाच, की सरकारने वस्तू ताब्यात घेतली. उर्दूत मात्र 'ज़ब्त' म्हणजे मन आवरणे, संयम, असाही अर्थ आहे. त्या वर्षी एका अर्थाचे ज़ब्त पुष्कळ झाले, दुसऱ्या अर्थाचे फार थोडे.

आता ते कलम २९५-अ कोठून आले, ते पाहू. १९२४ साली लाहोरला हजरत पैगंबरसाहेबांविषयी अपमानकारक मजकूर असलेली एक पुस्तिका निघाली. मुसलमानांना अतिशय दुःख झाले. प्रकाशकावर खटला चालला, पण १९२७ साली उच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण अशा अपमानाला लागू पडेल असे कलमच तेव्हाच्या कायद्यात नव्हते. मग त्याच वर्षी सरकारने हे नवे कलम केले. एखाद्या समाजाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावणे हा गुन्हा ठरला. कायदेमंडळातील चर्चेत महंमद अली जिना यांनी एक इशारा दिला होता. इतिहास लिहिणाऱ्यांना, सत्य शोधणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांनाही संरक्षण मिळाले पाहिजे, असे ते म्हणाले होते. कायदा झाला तरी सर्वांचा राग शांत झाला नाही. १९२९ मध्ये एका तरुणाने त्या प्रकाशकाचा खून केला आणि त्याच वर्षी त्या तरुणाला फाशी झाली. दोन घरांत रडणे उरले.

आणि पाहा, मुसलमानांच्या भावना दुखावल्या म्हणून जो कायदा झाला, तोच सहा वर्षांनी चार मुसलमान लेखकांच्या पुस्तकावर चालवला गेला.

त्या चौघांनी काय केले? माफी मागितली नाही, आणि कोणावर हातही उगारला नाही. ५ एप्रिल १९३३ च्या अलाहाबादच्या 'लीडर' या इंग्रजी वर्तमानपत्रात महमूदुज्जफर यांचे निवेदन छापून आले. पुस्तक तरायचे असेल तर तरेल, बुडायचे असेल तर बुडेल, परंतु असे पुस्तक काढण्याचा आमचा हक्क आम्ही सोडणार नाही, असा त्याचा आशय होता. लेखकांची एक संघटना असावी, अशी सूचनाही त्यांनी केली. तीन वर्षांनी, १९३६ च्या एप्रिलमध्ये, लखनौलाच प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते प्रेमचंद. ज्या गावात ठराव झाला, त्याच गावात!

अलीगढलाही धुरळा उडाला. रशीद जहाँ यांच्या निमित्ताने एका पत्राने मुलींच्या शाळेवरच घाणेरडी टीका केली. त्या संस्थेत तेव्हा इस्मत चुगताई शिकत होत्या. पुढे त्या उर्दूतील मोठ्या लेखिका झाल्या, पण तेव्हा तुमच्यासारख्याच विद्यार्थिनी होत्या. त्या रडल्या, आणि मग त्यांनी त्या टीकेला उत्तर देणारा लेख लिहिला. तो छापूनही आला.

हे ऐकून शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो सहसा बोलत नाही. "सर, तुम्ही त्या लेखकांची बाजू घेता. पण आपल्या दीनाविषयी कोणी वाईट लिहिले तर आपण गप्प बसायचे? दुखते, सर."

वर्ग एकदम शांत झाला. त्याचा प्रश्न खरा होता. मलाही असे काही वाचून दुखले आहे, एकदा तर रात्रभर झोप लागली नाही.

मी म्हणालो, "गप्प बसू नकोस. हरकत घे." काही मुले हसली, कारण उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा खोडी. मराठीत मात्र हरकत घेणे म्हणजे 'मला हे मान्य नाही' असे उघडपणे सांगणे. उर्दूत त्याला आपण एतराज म्हणतो. लेख लिहिता येतो, सभा घेता येते, सनदशीर मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येते. भारताच्या संविधानाने कलम १९ मध्ये लिहिणाऱ्याला लिहिण्याचा हक्क दिला आहे, आणि हरकत घेणाऱ्यालाही तोच हक्क आहे. या हक्कावर कायद्याने वाजवी बंधने घालता येतात. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम २९५-अ वैध ठरवले, पण हेही सांगितले की धर्माचा प्रत्येक अपमान त्यात येत नाही. जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेलाच येतो. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये आहे. धमकीचे पत्र मात्र हरकत नव्हे. रशीद जहाँ यांना ज्यांनी लेखातून उत्तर दिले ते आणि ज्यांनी धमकावले ते, दोघांनाही आपण एकाच मापाने मोजू नये.

"आणि त्या स्पर्धेतल्या मुलाला काय सांगायचे?" आमची वक्ती तिच्या प्रश्नावरून हलली नव्हती.

मी तिलाच विचारले, "या हकीकतीत पुस्तक लिहिणारे कोण?"

"मुसलमान."

"जाळणारे?"

"मुसलमान."

"शाळेवरच्या टीकेला लेखाने उत्तर देणारी विद्यार्थिनी?"

"तीसुद्धा." मग ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे त्याचे 'तुम्ही लोक' चुकले. जाळतात का, हे विचारले ते चालले असते. कोण जाळतात, असे विचारायला हवे होते."

मला एवढे नेमके सांगता आले नसते. तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, ही कथा त्या मुलानेही मराठीच्या पुस्तकात वाचली असेल. म्हणून कोणी त्याला 'तुम्ही लोक वह्या बुडवता ना' असे विचारत नाही.

'अंगारे' पुढे पुन्हा छापले गेले. १९९५ साली दिल्लीहून त्याची उर्दू आवृत्ती निघाली, २०१४ साली इंग्रजी भाषांतरेही आली. संपूर्ण पुस्तक नववीच्या वयाचे नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगितले. पण 'दिल्ली की सैर' तेवढी मी त्या मुलीला वाचायला दिली.

चार दिवसांनी ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. चेहरा जरा रागावलेला.

"सर, कथा चांगली आहे. पण नवरा इतका वाईट का दाखवला? माझे अब्बा असे नाहीत. गेल्या वर्षी आम्ही हैदराबादला गेलो तेव्हा त्यांनी अम्मीला सगळे चारमिनार फिरवून दाखवले. मला हे मान्य नाही."

"मग लिहून आण. मराठीत."

तिने दीड पान लिहून आणले. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. 'हरकत' हा शब्द तीन वेळा आला होता, आणि तिन्ही वेळा बरोबर अर्थाने.

स्वाध्याय

१. स्पर्धेहून परत येताना मुलगी गप्प का होती?

२. 'दिल्ली की सैर' ही कथा मलिका बेगमच्या नवऱ्याच्या तोंडून आठ-दहा वाक्यांत सांगा.

३. 'हरकत' आणि 'जप्त' या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा. असे आणखी दोन शब्द घरातील मोठ्या माणसांना विचारून शोधा.

४. शेवटच्या बाकावरच्या मुलाला लेखकाने दिलेले उत्तर तुम्हांला पटते का? पटत नसल्यास आपली हरकत लिहा.