संदेशवाहकांचा नवा व्यवसाय

दूरच्या माणसाला निरोप पोहोचविणे ही मानवाची फार जुनी गरज आहे. या गरजेपोटीच इ. स. १८७० मध्ये मुंबईपासून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकण्यात आली. १८८२ मध्ये मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले.

पुढे १९८६ मध्ये 'विदेश संचार निगम' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. परदेशी दूरध्वनी करावयाचा, तर तो तिच्याच मार्गाने जात असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी तिने सामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवाही सुरू केली. परंतु २००२ मध्ये तिचा एकाधिकार संपला व त्याच वर्षी तिचा कारभार टाटा समूहाकडे गेला. २००८ पासून ती टाटा कम्युनिकेशन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. लोक आता इंटरनेटवरूनच परदेशी बोलू लागले. तारांतून वाहणारी माहिती अनेक पटींनी वाढली. परंतु नुसत्या वाहतुकीचा मोबदला घटत गेला. ओझे वाहणाऱ्यास हमाली मिळते, नफा मात्र पेढीवर जमा होतो, तशातलाच हा प्रकार!

अशा वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेने नवी वाट दाखविली. यंत्राला भाषा शिकवावयाची, तर त्याच्याकडून अगणित हिशेब करून घ्यावे लागतात. त्यासाठी जीपीयू नावाच्या चिप हजारोंच्या संख्येने एकत्र जोडतात. एवढी महाग यंत्रे शाळेने किंवा लहान कारखान्याने कोठून आणावीत? मळणीयंत्र प्रत्येक शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून ते भाड्याने आणतात. ही यंत्रेही तशीच भाड्याने मिळू शकतात.

त्यांना अखंड वीज, थंडावा आणि जलद तारांचे जाळे लागते. दूरसंचार कंपन्यांना या गोष्टींचा जुना अनुभव आहे. वीज गेली तरी दूरध्वनी बंद पडू नये, म्हणून त्या बॅटऱ्या व जनित्रे सज्ज ठेवीत आल्या आहेत. काचतंतूंचे जाळे तर त्यांचेच! म्हणूनच २०२३ मध्ये टाटा कम्युनिकेशन्सने एनव्हिडिया कंपनीबरोबर अशी सेवा उभारण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या मोठ्या डेटा सेंटरसाठी गूगलने एअरटेलला सहकारी म्हणून घेतले.

या व्यवसायात धोकाही आहे. नवी चिप निघाली, की जुनीचे भाडे उतरते. गिऱ्हाईक न मिळाल्यास मळणीयंत्र दारात उभे राहते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. शिवाय अशा केंद्रांना वीज पुष्कळ लागते, आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी अनेक ठिकाणी पाणीही खर्ची पडते. गावाच्या तोंडचे पाणी यंत्राला देणे हा शहाणपणा नव्हे.

२०२४ मध्ये भारत सरकारने दहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची एक योजना मंजूर केली. संशोधक व विद्यार्थी यांना अशी यंत्रे अल्प दरात मिळावीत, हा तिचा एक हेतू आहे. हा हेतू सफल झाला, तर खेड्यातील हुशार मुलालाही आपल्या बोलीत बोलणारे यंत्र घडविता येईल.

स्वाध्याय
१. तारांतील माहिती वाढूनही कंपन्यांचा मोबदला का घटला?
२. मळणीयंत्राचे उदाहरण पाठात कोणत्या दोन गोष्टी समजावण्यासाठी दिले आहे?
३. 'तोंडचे पाणी पळणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.