फिटची गोळी बंद करू का?

प्रश्न : वडील ७० वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा फिट आली, तेव्हापासून गोळी सुरू आहे. हल्ली मंदिरात गेले की चप्पल कुठं काढली तेच आठवत नाही. परवा घराचा रस्ता चुकले. गोळीनं डोकं कमजोर होतं म्हणतात. बंद करावी का?
– एक वाचक, शेगाव

उत्तर : अजिबात नको. गोळी एकाएकी सोडली तर फिट जिवावर बेतू शकते. गोळीनं सुस्ती, विसराळूपणा येऊ शकतो. पण मात्रा किंवा औषध डॉक्टरांनीच बदलायचं. उतारवयात सुरू झालेल्या फिटमागे पुष्कळदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतो. कधी घरात कुणाला कळलाही नाही असा लहानसा लकवा. स्मरणशक्तीही त्याच वाहिन्यांवर चालते. म्हणून या आठवड्यातच बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांनी कोलेस्टेरॉल वाढू शकतं, तेव्हा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. तंबाखू बंदच. कचोरी कधीमधी चालेल, रोज नको. एकादशीचा उपास मात्र डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटी आणि जागरणानं फिट येऊ शकते. विसरणं वयाचंच म्हणून सोडून देऊ नका, कारण सापडलं तर बरंच आवरता येतं. तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं किंवा फिट ५ मिनिटांत थांबली नाही, तर लगेच १०८ ला फोन करा.