पदवीचे कमी गुण व व्यवस्थापन-विद्यालयाचा प्रवेश

पदवी-परीक्षेंत गुण कमी पडले कीं व्यवस्थापन-विद्यालयाचें दार मिटलें, असा समज विद्यार्थ्यांत व त्याहूनही पालकांत रूढ आहे. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था (स्थापना १९६१) मुलाखतीस बोलावितांना 'कॅट' परीक्षेबरोबर दहावी, बारावी व पदवी या तिहींचे गुण जमेस धरते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेंत (१९६५) मात्र मुख्यतः राज्याच्या प्रवेश-परीक्षेवरून क्रम लागतो. पदवीस शेंकडा ५० गुण, राखीव वर्गांस ४५, असले म्हणजे पुरे. तेथें एक्कावन्नवाला व ऐंशीवाला एकाच पंगतीस बसतात!

अमेरिकेंतील विद्यालयें संपूर्ण गुणपत्रक पाहतात. पण 'जीमॅट'मधील गणिताचे उत्तम गुण, पदवीनंतर पुरा केलेला हिशेबाचा अभ्यासक्रम व नोकरींतील कामगिरी हींही विचारांत घेतात. अनेक अर्जांत ऐच्छिक निवेदनास जागा असते. घरचें आजारपण, नोकरी संभाळून केलेलें शिक्षण, जें खरें कारण असेल तें तेथें चार ओळींत सांगावें; रडगाणें गाऊं नये, प्राध्यापकांस दोष तर मुळींच देऊं नये.

पालकांनीं शिकवणीवर्गाची फी भरण्यापूर्वीं त्या त्या संस्थेचे चालू वर्षाचे नियम मुलासह वाचावे, असें आम्ही सुचवितों. नववी-दहावींतील आमच्या वाचकांनीं अहमदाबादचा नियम आतांच टिपून ठेवावा.