थंडीत गाडी किती वेळ तापवावी?

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो. वडील गाडी दहा मिनिटं सुरू करून ठेवतात, मगच बाहेर काढतात. गाडी पेट्रोलची, पाच वर्षांची आहे. एवढं थांबणं गरजेचं आहे का?
– एक वाचक, वालचंदनगर

उत्तर : नाही. सेल्फ मारल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे. तेवढ्यात पट्टा लावून होतो. मग निघा, पण पहिले चार-पाच किलोमीटर गाडी हाणू नका. रेस हलकी ठेवा, आरपीएम अडीच हजारांच्या आत राहू द्या.

वडिलांची सवय मात्र एके काळी अगदी बरोबर होती. तुमच्या गावाला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची फिएट आणि पुढे पद्मिनी घरोघरी पोचली. या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून पेट्रोल वाढवायचं आणि इंजिन तापेल तसा चोक आत ढकलायचा. घाई केली की गाडी धक्के खाऊन बंद पडे. तुमच्या गाडीत सेन्सर इंजिनचं तापमान बघतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो.

उभ्या गाडीत इंजिनवर भार नसतो, त्यामुळे ते तापायला फार वेळ घेतं. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन नेतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे ज्या झिजेच्या भीतीनं थांबायचं, तीच थांबल्यानं वाढते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगं, टायर हे सगळं गाडी चालल्याशिवाय तापतच नाही. दहा मिनिटांत शंभर-दीडशे मिली पेट्रोल जातं ते वेगळंच.

घरात डिझेलची गाडी असेल तर चावी एक घर फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. डिझेल गोठण्याची चिंता आपल्याकडे नको. ती लडाखची अडचण. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं.

थांबायचंच असेल तर काचेसाठी थांबा. नीरा डाव्या कालव्याच्या आणि उसाच्या पट्ट्यात पहाटे धुकं उतरतं, आणि नेमका तेव्हाच गाळप हंगाम जोरात असतो. जंक्शनकडून लासुर्ण्याच्या रस्त्याला लागलात की पुढे उसानं भरलेली दोन ट्रॉल्यांची जुगाड असू शकते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. वायपरनं काचेत दोन अर्धवर्तुळं पाडून त्यातून बघत निघणं म्हणजे जिवाशी खेळ. बाहेरचं दंव फडक्यानं पुसा, मागची काच आणि आरसेही. आतून काच धुरकटते ती श्वासाच्या वाफेनं. त्यासाठी वारा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत घ्या आणि एसी लावा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल. पण एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि काच लवकर निवळते. हीटरची ऊब गाडी चालायला लागल्यावर आपोआप येईल.

आणि गाडी बंद शेडमध्ये असेल तर दार नुसतं उघडून तिथेच सुरू ठेवू नका, लगेच बाहेर घ्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि शेड घराला लागून असेल तर तो झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो.